शूर कोण? रेव्ह. टिळकांची पक्षीण आणि मुलांना विचारायचे प्रश्न



आपल्या मंडळ्यांतील तरुण आणि निवृत्त शिक्षक पोडांवरच्या व वसतिगृहांतल्या मुलांना संध्याकाळी अभ्यासात मदत करतात. गणिताची आणि इंग्रजीची भीती सगळ्यांना ठाऊक असते. कवितेची अडचण मात्र लवकर लक्षात येत नाही, कारण कविता मुलांना पाठ असते. कवीचे नाव विचारा, ते येते. शब्दांचे अर्थ विचारा, वहीत लिहिलेले असतात. मध्यवर्ती कल्पना विचारा, गाईडमधली चार वाक्ये घडाघडा येतात. मग "यात नेमके काय झाले रे?" असे साध्या बोलीत विचारले की मूल खाली बघते.

कविता पाठ होणे आणि कविता कळणे यांतले हे अंतर प्रश्नांनी कमी करता येते. मात्र प्रश्न कोणते, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी विचारायचे, याला एक रीत आहे. ती रीत एका कवितेवर चालवून दाखवावी, म्हणून हा लेख. महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी शाळेत वाचलेली, आपल्याच एका पूर्वजाने लिहिलेली कविता त्यासाठी घेतली आहे: रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'केवढे हे क्रौर्य!'

कवी आणि कविता

टिळकांची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. 'उपासना संगीत' उघडले की त्यांचे नाव जागोजागी भेटते. १८६१ साली कोकणात जन्मलेले हे कवी काही काळ आपल्या विदर्भातच, नागपूरला होते. त्याच काळात आगगाडीच्या डब्यात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता त्यांच्या मनातल्या प्रश्नांना वाट सापडली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूच्या घरी गेले. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' आजही घराघरांत वाचली जातात.

कविता म्हणजे एक गोष्टच आहे. बाण लागलेली एक पक्षीण पडत-उठत, वाट चुकत, रक्त गाळत आपल्या ढोलीपर्यंत येते. चोचीत पिलांसाठी शेवटचा घास आहे. ती त्यांना भरवते आणि यापुढे देव बाप तुमचा सांभाळ करील असे सांगते. मग घडलेली हकिकत सांगते: सकाळी गाऊन माणसांना आनंद दिला, तुमच्यासाठी घास घेऊन क्षणभर झाडावर बसले, आणि बाण उरात शिरला. ज्या माणसाला रिझवण्यात आयुष्य गेले त्यानेच मारले. आई आपल्याला विसरली असे तुम्हाला वाटू नये, म्हणून कशीबशी घरी आले. आता माझ्या अंगात ऊब उरली नाही, कुशीत शिरू नका. एवढे बोलून ती ढोलीतले अंथरूण रक्ताने भिजू नये म्हणून खाली उतरते आणि झाडाच्या पायथ्याशी जमिनीवर प्राण सोडते. शेवटच्या कडव्यात कवी फक्त तिचे निपचित शरीर दाखवतो: पसरलेले पंख, वर झालेले पांढरे पोट, उघडी चोच, लांबलेले पाय.

ही कविता क्रौर्याची म्हणून शिकवली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात शौर्याविषयीही एक टोकदार प्रश्न दडलेला आहे. मुलांना त्या प्रश्नापर्यंत पोहोचवायचे असेल तर तो पहिल्याच मिनिटाला विचारून चालत नाही.

आधी भाषेचा उंबरठा

आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम आणि गोंड मुलांची घरची भाषा कोलामी किंवा गोंडी. या दोन्ही द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. मराठीशी त्यांचा शेजार शतकांचा असला तरी नाते रक्ताचे नाही. कोलामीत पुरुष एका बाजूला आणि बाई, पशू, पक्षी, वस्तू सारे दुसऱ्या बाजूला, अशी एकवचनात दोनच लिंगे. मराठीत मात्र तो, ती, ते. त्यामुळे कवितेतली "ती" म्हणजे कोण, बोलणारी कोण, ऐकणारे कोण, हे आपल्याला न सांगता कळते तसे या मुलांना कळेलच असे नाही. "आता कोण बोलतंय?" हा प्रश्न फार साधा वाटतो, पण दर दोन ओळींनी तो विचारावा लागतो. या कवितेत आधी कवी बोलतो, मग पक्षीण, मग पुन्हा कवी. हे तीन भाग मुलांनी खडूने फळ्यावर वेगळे केले की अर्धी कविता सुटते.

शब्द अवघड आहेत हे खरे. रुधिर, कवळ, कोटर, शय्या, चंचू हे शब्द आज मराठी घरातही कोणी बोलत नाही. त्यांचे अर्थ लिहून देण्यापेक्षा ओळखीच्या वस्तूपर्यंत नेणारा प्रश्न विचारावा. "पोपट, मैना घरटं कुठं करतात?" असे विचारले की मुले झाडाच्या ढोलीचे नाव घेतात, आणि त्यांच्या भाषेत तिला काय म्हणतात तेही सांगतात. मग कोटर म्हणजे तीच ढोली, एवढेच सांगायचे उरते. कवीने पक्षिणीला एके ठिकाणी 'द्विजा' म्हटले आहे. "पाखरू दोनदा कसं जन्मतं?" असे विचारा. कोंबडीची अंडी उबवताना पाहिलेले पोर लगेच सांगेल: एकदा अंडं होऊन, एकदा अंडं फोडून. शब्दार्थाच्या यादीतून जे आठवडाभर टिकत नाही ते असे सांगितल्यावर सहसा विसरत नाही.

मुलांना उत्तर आपल्या भाषेत देऊ द्यावे. वर्गातला एखादा मोठा मुलगा किंवा मुलगी ते मराठीत सांगेल. मुलाला समजले आहे का हे तपासताना त्याच्या मराठीची परीक्षा घेऊ नये. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

चार प्रकारचे प्रश्न

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ टॅफी राफेल यांनी १९८० च्या दशकात एक सोपी वाटणी मांडली. प्रश्नाचे उत्तर कुठे सापडते यावरून त्यांनी प्रश्नांचे चार प्रकार केले. मुलांनाही ही वाटणी शिकवली तर उत्तर शोधायला कुठे जायचे हे त्यांचे त्यांना समजते. आपल्या सोयीसाठी या चार प्रकारांना साधी नावे देऊ.

पहिला प्रकार: बोट ठेवा. याचे उत्तर कवितेतल्या एखाद्याच ओळीत असते आणि मुलाला त्यावर बोट ठेवून दाखवता येते. पक्षिणीला काय लागले? तिने पिलांसाठी काय आणले? ती कुठे जाऊन पडली? जमिनीवर का उतरली? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारावा. बरीच मुले "दमली म्हणून" किंवा "पडली म्हणून" असे अंदाजाने सांगतात. "कुठं लिहिलंय? दाखव बरं," असे म्हटले की ती पुन्हा ओळीकडे जातात आणि तिथे वेगळेच कारण सापडते: पिलांचे अंथरूण भिजू नये म्हणून. मरणाच्या क्षणी तिला अंथरुणाची काळजी आहे! हे मुलाने स्वतः शोधले की त्याचा चेहरा बदलतो. भित्र्या मुलांसाठी हे प्रश्न फार मोलाचे आहेत, कारण उत्तर समोर लिहिलेले असते आणि चुकण्याची भीती कमी असते.

दुसरा प्रकार: जोडा. याचे उत्तर कवितेतच असते, पण दोन-तीन ठिकाणचे गोळा करावे लागते. घायाळ झाल्यापासून मरेपर्यंत पक्षिणीने कोणकोणती कामे केली? मुलांना एकेक काम शोधून फळ्यावर लिहू द्या. उडत घरी आली. घास टाकला नाही. पिलांना भरवले. आपण विसरलो नव्हतो हे सांगितले. थंड होणाऱ्या कुशीत येऊ नका म्हणाली. पिलांना देवाच्या हाती सोपवले. ढोलीतून खाली उतरली. यादी पूर्ण झाली की एकच प्रश्न विचारावा: "यातलं कोणतं काम तिनं स्वतःसाठी केलं?" मुले यादी वरून खाली वाचतात, पुन्हा खालून वर वाचतात. इथे शिक्षकाने काही बोलू नये.

तिसरा प्रकार: कवी आणि मी. उत्तर कवितेत सरळ लिहिलेले नसते. कवीने काय ठेवले, काय गाळले, कसे सांगितले हे पाहून आपल्याला ते काढावे लागते. पक्षीण मेली एवढे एका ओळीत सांगता आले असते, मग कवीने पंख, पोट, चोच, पाय असे एकेक का दाखवले? चोच उघडीच का राहिली असेल? कविता मोठ्याने म्हटली की आणखी एक गोष्ट कानाला जाणवते. जवळजवळ सगळी कविता पृथ्वी वृत्तात चालते आणि अगदी शेवटच्या कडव्याला वसंततिलका येते. वृत्तांची नावे मुलांना सांगितली नाहीत तरी चालेल. "म्हणताना चाल कुठं बदलली?" एवढे विचारा. कान तयार असलेली आपली मुले ते बरोबर पकडतात. "तिथंच का बदलली?" हा पुढचा प्रश्न. तिथे पक्षिणीचा आवाज कायमचा थांबलेला असतो.

चौथा प्रकार: मी आणि माझे जग. इथे उत्तर मुलाच्या अनुभवात असते, कविता फक्त निमित्त. स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला घास देणारे कोणी तू पाहिले आहेस का? दिसायला दुबळे पण खरे तर धीट असे कोण तुला माहीत आहे? हे प्रश्न शेवटी विचारावेत. सुरुवातीलाच विचारले तर मुले कविता सोडून गप्पांत जातात, आणि ज्याला मराठी बोलता येते तोच वर्ग गाजवतो.

आणखी एक युक्ती. कविता प्रथम वाचताना नाव झाकून ठेवावे. 'केवढे हे क्रौर्य!' हे नाव म्हणजे कवीने दिलेला निवाडाच आहे. तो आधीच कळला तर मुलाला स्वतः निवाडा करायची गरज उरत नाही. वाचून झाल्यावर मुलांना नाव द्यायला सांगा. बहुतेक मुले आईवरून नाव देतात, क्वचित कोणी शेवटच्या घासावरून. मग खरे नाव उघड करून विचारा: "कवीनं आईचं नाव न देता हे का दिलं असेल?"

विचारून थांबा

प्रश्न विचारला की आपण लगेच उत्तराची घाई करतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्ग ऐकून असे नोंदवले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला तर प्रश्न आपल्या भाषेत नेऊन, तिथे उत्तर शोधून, ते मराठीत परत आणायचे असते. त्याला तीन सेकंदही थोडेच. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश अर्धी म्हणावी, तोवर तोंड उघडू नये, असा नेम आमच्या एका ज्येष्ठ स्वयंसेविका बाईंनी स्वतःला घालून घेतला आहे. तो सर्वांनी घ्यावा असा आहे.

शूर कोण?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पक्षीण आपल्या बोलण्यात बाण मारणाऱ्या माणसाला उदार आणि शूर म्हणते. पुढे कवीही माणसाच्या बुद्धीची आणि बळाची थोरवी गातो. हा उपरोध आहे, हे आपल्याला ऐकताच कळते. पण परक्या भाषेत उपरोध ओळखणे सर्वांत अवघड. "कवितेत शूर कोण?" या प्रश्नाला एखादे मूल "बाण मारणारा" असे उत्तर देते तेव्हा ते चुकलेले नसते. शब्द तसाच लिहिलेला आहे. अशा मुलाला हसू नये. ती ओळ दोन तऱ्हांनी मोठ्याने म्हणायला सांगावी: एकदा खरोखर कौतुक करताना म्हणतो तशी, आणि एकदा कोणी आपली वस्तू फोडल्यावर "वा, शाबास!" म्हणतो तशी. मग विचारावे: "छातीत बाण असलेली आई कोणत्या आवाजात बोलेल?" आवाज बदलला की अर्थ बदलतो. हे समजावून सांगण्यापेक्षा म्हणून पाहिल्याने पटकन कळते.

इथे पोडावरच्या वर्गात एक वेगळे वळण येते आणि त्याची तयारी हवी. शहरातल्या मुलाला बाण मारणारा सरळ दुष्ट दिसतो. ज्याच्या घरी कधीतरी तितर-लाव्यावर रात्रीचे जेवण झाले आहे, ज्याच्या स्वतःच्या खिशात गुलेल आहे, ते मूल म्हणते, "त्याला भूक लागली असेल." हे उत्तर झटकून टाकले तर ते मूल या कवितेशी पुन्हा बोलणार नाही, आणि आपल्या बापाला कवीने वाईट म्हटले असे समजून घरी जाईल. उलट तिथेच थांबून विचारावे: "भूक लागली होती असं कवितेत कुठं आहे का? नव्हती असं कुठं आहे का?" दोन्ही कुठेच नाही. कवीने त्या माणसाचा चेहरा, नाव, कारण काहीच दिलेले नाही. पक्षिणीला बाण एवढाच ठाऊक आहे. म्हणजे मुलाने कवितेतली एक मोकळी जागा शोधून काढली. भुकेसाठी मारणे आणि मजेसाठी मारणे यांत फरक आहे का, पिलांची आई आहे हे कळले असते तर भुकेल्याने काय केले असते, हे प्रश्न मग मुलेच आपसात घालतात. बहुतेक रानपाखरांची शिकार आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, हेही मुलांना सांगायचे आहे. पण तो वेगळा धडा आहे. तो कवितेच्या मध्ये घुसवून मुलाचे तोंड बंद करू नये.

शौर्याच्या कविता मुलांनी इतरही ऐकलेल्या असतात. शाहिरांचे पोवाडे असतात. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ बहलोलखानाच्या फौजेवर अवघ्या सहा साथीदारांनिशी तुटून पडलेल्या प्रतापराव गुजरांवर कुसुमाग्रजांनी लिहिलेली कविता तर गाणे होऊन सगळीकडे पोहोचली आहे. आदिवासी मुलांच्या घरचाही वारसा मोठा आहे. गोंडांच्या देवांच्या आणि वीरांच्या कथा किंगरीवर गाणारे परधान गायक याच भागातले. शेजारच्या चांद्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी फाशी दिलेल्या बाबुराव शेडमाके यांचे नाव गोंड मुलांना घरीच कळते. या साऱ्या वीरांना टिळकांच्या पक्षिणीशेजारी बसवून विचारा: कोणाच्या हातात शस्त्र होते? कोण जिंकले? कोण कोणासाठी मेले? जो हरतो आणि मरतो त्याला वीर म्हणायचे का, आणि का?

प्रतापरावांच्या कवितेवर आणखी एक प्रश्न विचारता येतो: सेनापतीने फौज मागे ठेवून सहा जणांना घेऊन जावे का? वीराचा मान राखूनही त्याच्या निर्णयावर प्रश्न विचारता येतो, हे मुलांना एकदा समजले की ती पुढे कोणत्याही पुढाऱ्यामागे डोळे मिटून धावणार नाहीत.

जे प्रश्न विचारू नयेत

आपल्या जिल्ह्याचे दुःख आपल्याला माहीत आहे. वसतिगृहाच्या प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असतेच, ज्याचा बाप कर्जापायी गेला, ज्याची आई बाळंतपणात किंवा आजारात गेली. ही कविता मरणाऱ्या आईची आणि मागे राहणाऱ्या पिलांची आहे. "तुझी आई अशी गेली तर तुला कसं वाटेल?" असा प्रश्न पुस्तकी उत्साहात सहज तोंडातून जातो. तो कधीही विचारू नये. मुलाच्या जखमेवर प्रश्नाने बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मूल आपणहून बोलले तर ऐकावे, धडा बाजूला ठेवावा, आणि नंतर त्याच्याशी एकट्याने बोलावे.

मुले मात्र स्वतःच एक प्रश्न हमखास विचारतात: "पिलांचं पुढं काय झालं?" कविता याचे उत्तर देत नाही. सगळ्या कवितेत पिले एक शब्दही बोलत नाहीत. एका वसतिगृहातल्या मुलीने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले होते: "मोठ्या पिलानं छोट्याला झाकलं असंल." ती तीन भावंडांतली थोरली होती. तिथे कोणी मध्यवर्ती कल्पना विचारली नाही हे फार बरे झाले.

दुसरा न विचारण्याचा प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर आपण आधीच ठरवून ठेवले आहे असा. ही सवय आपल्या मंडळींत विशेष आहे, कारण संडे स्कूलपासून आपल्याला तात्पर्याची ओढ असते. पक्षीण दिसली की वधस्तंभ दाखवायचा मोह होतो. आपल्या उपासनेत ते अवश्य करावे, टिळकांनाही ते आवडले असते. पण अभ्यासवर्गात बसलेली मुले अभ्यासासाठी आली आहेत, त्यांच्या घरच्यांनी आपल्यावर विश्वास टाकून पाठवली आहेत. हवे ते उत्तर येईपर्यंत फिरवून फिरवून विचारणे म्हणजे मुलाला दोरी बांधून ओढत नेणे. मूल हुशार असते. आपल्याला काय हवे आहे हे ओळखून ते तेच देते, आणि आपण पुन्हा गाईडच्या उत्तरापाशी येऊन थांबतो.

आपला गुरू प्रश्न विचारीत असे

यात आपल्यापुढे सर्वांत मोठा कित्ता प्रभूचाच आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता, असे लूक सांगतो. ऐकणे आधी, प्रश्न नंतर. पुढे एका शास्त्र्याने त्याला शेजारी म्हणजे कोण असे विचारले, तेव्हा प्रभूने व्याख्या दिली नाही. वाटेवर लुटून टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली आणि प्रश्न उलटा त्यालाच विचारला: या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण ठरला? शास्त्र्याला शोमरोनी हे नावही घ्यायला जड गेले. दया करणारा, असे त्याने आडून सांगितले. तरी उत्तर त्याचे स्वतःचे होते, म्हणून तू जाऊन तसेच कर हे प्रभूला सांगता आले. आधी गोष्ट, मग ऐकणाऱ्याने स्वतः काढलेले उत्तर, आणि त्यानंतर काम, असा तो क्रम आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय एकदा शिक्षकाच्या नजरेने वाचून पाहावा.

एका तासाचा वर्ग

जे बंधुभगिनी या हिवाळ्यात अभ्यासवर्ग घेणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. नाव झाकून कविता दोनदा मोठ्याने वाचा. मुलांनी फक्त ऐकावे.

२. "कोण बोलतंय?" विचारून कवितेचे तीन भाग पाडा. अवघड शब्द ओळखीच्या वस्तूंवरून सोडवा. मातृभाषेतले शब्दही फळ्यावर लिहा.

३. बोट ठेवण्याचे चार-पाच प्रश्न. गप्प मुलांना आधी संधी.

४. पक्षिणीच्या कामांची यादी आणि तिच्यावरचा एकच प्रश्न. मग थांबा.

५. उपरोधाची ओळ दोन आवाजांत. "शूर कोण?" हा प्रश्न आता. प्रत्येकाने कारणासह सांगावे. सगळ्यांचे एकमत होण्याची गरज नाही.

६. शेवटची दहा मिनिटे मुलांनी एकेक प्रश्न स्वतः तयार करावा आणि शेजाऱ्याला विचारावा. चांगले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. उत्तरपत्रिकेसाठी लागणारी वाक्ये याच वहीतून, मुलांच्याच शब्दांत, दुसऱ्या दिवशी लिहून घेता येतात. परीक्षेचेही यात नुकसान होत नाही.

या वर्गाला फळा, खडू, कवितेची प्रत आणि धीर एवढेच लागते. ज्या मंडळ्यांमध्ये कोलामी किंवा गोंडी बोलणारे सभासद आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ तरी द्यावी, अशी आग्रहाची विनंती आहे. कोलामीत "कोण बोलतंय?" विचारू शकणारा एक माणूस वर्गात असला तर मागच्या रांगेतले मूल पुढे सरकते. ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नाही त्यांनी जुन्या पाठ्यपुस्तकांच्या प्रती, गोष्टींची पुस्तके आणि वह्या आपल्या पाळकांकडे जमा कराव्यात.

प्रार्थनेसाठी विषय: संध्याकाळच्या वर्गांना येणारी मुले आणि अंधारात त्यांची पायवाट. आईबापाविना राहणारी वसतिगृहातली भावंडे. आश्रमशाळांचे शिक्षक. आणि आपण सर्व स्वयंसेवक, आपल्याला विचारण्याइतकेच ऐकण्याचेही दान मिळावे म्हणून.

प्रभूच्या सेवेत आपला, एक सहकारी